माल बाहेर पाठवायचाय? आधी पाठीवरचे शिक्के वाचायला शिका

कुपवाड एमआयडीसी म्हणा, मिरज म्हणा, तिकडं साताऱ्याची जुनी एमआयडीसी नाहीतर देगाव म्हणा, कुठंही जावा, एखाद्या गाळ्यात चार पोरं बोर्ड सोल्डर करत बसलेली दिसतातच. कुणी मोटरीचा मोबाईल स्टार्टर करतंय, कुणी एलईडीचा ड्रायव्हर, कुणी ड्रिपचा कंट्रोलर. वालचंदमधनं नाहीतर कराडच्या गव्हर्मेंट कॉलेजातनं बाहेर पडलेली पोरं आता द्राक्षबागेसाठी ओलाव्याचे सेन्सर पण करायला लागलीत आणि माल खरंच चांगला असतो. अडतं कुठं, तर बाहेरनं एखादी इन्क्वायरी येते आणि त्यात एकच ओळ असते, सीई आहे का (युरोपचा शिक्का), एफसीसी आहे का (अमेरिकेचा). मग सगळी धावाधाव, मग कोणतरी कन्सल्टंट गाठ पडतो, तो म्हणतो दोन दिवसात सर्टिफिकेट देतो, पैसे तेवढे भरा.

ते पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी इथं अगदी नवख्या माणसाला धरून सांगतोय, ज्याला यातलं काय म्हणजे कायच माहिती नाही अशाला.

द्राक्षवाल्यांना हे लवकर कळेल बघा. तासगाव-सावळजचा बागायतदार युरोपला माल पाठवतो तेव्हा ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी लागते, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिलाय त्याचा, लागतो, आणि तो रिपोर्ट त्याच प्लॉटचा लागतो, शेजारच्या आण्णांच्या बागेचा चालत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं असंच आहे. रिपोर्ट तुमच्याच मॉडेलचा पाहिजे, आणि कुठलाही शिक्का समोर आला की तीन गोष्टी विचारायच्या: कायदा कुणाचा, टेस्ट कुणी केली, आणि सही कुणाची. या तीन गोष्टी ज्याला सांगता येत नाहीत त्याच्याकडचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावायच्या लायकीचं.

पायरी १: घरातला चार्जर पालथा करा

लॅपटॉपचा असला तर उत्तम, कारण एकच अडॅप्टर जगभर विकतात म्हणून पाठीवर चिन्हांची नुसती गर्दी असते. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघा, डोळ्यांना दिसत नाही एवढं बारीक असतंय.

यातली काही चिन्हं सर्टिफिकेटची नसतातच, ती नुसती माहिती असते. चौकोनात चौकोन म्हणजे डबल इन्सुलेशन, याला अर्थिंगची गरज नाही. घराचं चित्र म्हणजे फक्त घरात वापरा. गोलातला रोमन सहा म्हणजे वीज वाचवायची पातळी, अमेरिकेत फेब्रुवारी २०१६ पासून बाहेरच्या अडॅप्टरना ती सक्तीची झाली. चाकाच्या कचरापेटीवर फुली म्हणजे हे घरच्या कचऱ्यात टाकू नका, हा युरोपचा ई-कचऱ्याचा नियम, आणि पेटीखाली जाड पट्टी असेल तर माल १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आलेला.

आता खरे शिक्के. सीई युरोपचा, गोलातलं यूएल अमेरिकेचं, टोकावर उभ्या केलेल्या चौकटीत पीएसई म्हणजे जपान, तीन सी म्हणजे चीन, केसी म्हणजे कोरिया, त्रिकोणात बरोबरची खूण आणि आजूबाजूला वळलेली रेघ म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं आरसीएम, ईएसी म्हणजे रशिया आणि त्यांच्या आजूबाजूचे देश. आपला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का पण असणार, वर आयएस नंबर आणि खाली आर अक्षर, पुढं आठ आकडे.

तो आर नंबर आत्ताच बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून बघा. कंपनीचं नाव, फॅक्टरीचा पत्ता, कुठल्या मालासाठी नोंदणी आहे ते सगळं येतंय. नंबरच सापडला नाही किंवा चार्जरच्या नंबराला कुठल्यातरी एलईडी बल्बवाल्याचं नाव आलं, तर समजायचं काय ते. ही तपासणी फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही.

एक व्हॉट्सॲपवरची अफवा पण इथंच निकालात काढू. सीईमधली दोन अक्षरं जवळजवळ असली की तो म्हणे चायना एक्सपोर्ट असा वेगळा शिक्का असतो. असला शिक्का अधिकृतपणे अस्तित्वातच नाही. सीई दोन गोलांच्या मापात काढायचा असतो, उंची निदान ५ मिमी, माप चुकलं तर तो फक्त चुकीचा काढलेला सीई. आणि माप बरोबर असलं म्हणजे माल चांगला असंही नाही, कॉम्प्युटरवर बरोबर मापाचा सीई काढायला किती वेळ लागतो.

पायरी २: सेफ्टी वेगळी, एमिशन वेगळं, रेडिओ तिसरंच

नवख्याचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो, तो सगळं एकाच सर्टिफिकेटात शोधतो.

सेफ्टी म्हणजे शॉक बसू नये, आग लागू नये, प्लास्टिक वितळू नये. यात लॅबवाला बघतो की २३० व्होल्टची बाजू आणि माणसाचा हात लागतो ती बाजू यांच्यात बोर्डवर अंतर किती आहे. जुन्या आयटी स्टँडर्डप्रमाणं साधारण परिस्थितीत मेन्स आणि लो व्होल्टेजमध्ये ५ मिमी तरी लागायचं, बरेच डिझाईनवाले ६ ते ८ ठेवतात आणि ऑप्टोकपलरच्या, म्हणजे दोन बाजूंना फक्त उजेडानं जोडणाऱ्या पार्टच्या, खाली बोर्डला खाच पाडतात. मग हायपॉट टेस्ट, दोन बाजूंच्या मध्ये ३००० व्होल्ट लावून बघायचं फुटतंय का. मग एकएक पार्ट मुद्दाम शॉर्ट करून बघतात, फ्यूज उडाला तर चालतंय, जाळ निघाला तर नाही.

एमिशन म्हणजे तुमच्या मालातनं नको असलेला रेडिओ गोंगाट किती बाहेर पडतो. स्वस्त एलईडी ड्रायव्हर लावला की आजोबांचा मिडीयम वेव्हचा रेडिओ खरखरतो, तेच हे. आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचे तरंग वायरीतनं मागं लाईनीत जातात आणि वायरीच अँटेना होऊन हवेत पण जातात. म्हणून मोजणी दोन प्रकारची, वायरीतला गोंगाट १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ आणि हवेतला ३० मेगाहर्ट्झच्या वर. याच्या मर्यादा सिस्प्र नावाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं ठरवल्यात, ती १९३४ पासून आहे, म्हणजे रेडिओवाल्यांची तक्रार किती जुनी बघा. कारखान्यात वापरायचा माल क्लास ए, घरात वापरायचा क्लास बी, आणि बी जास्त कडक. घरात वापरणार असाल तर ए मध्ये पास होऊन काही उपयोग नाही.

याची उलटी बाजू म्हणजे इम्युनिटी, बाहेरच्या गोंगाटानं तुमचा माल गडबडू नये. स्थिर विजेचा झटका, लाईनीतला सर्ज, शेजारी मोटर सुरू झाल्यावर येणारे बारीक झटके. युरोप हे विचारतो, अमेरिकेचं एफसीसी साधारण विचारत नाही. आपल्याकडं शेतातल्या लाईटीचे हाल बघता ही टेस्ट कुणी मागितली नाही तरी करून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, निम्मे स्टार्टर पावसाळ्यात याच्यामुळंच परत येतात.

आणि मालात वाय-फाय, ब्लूटूथ, लोरा (कमी विजेत लांबवर बोलणारा रेडिओ), सिमकार्ड असं काही असलं की तो रेडिओ झाला आणि त्याचे नियम परत वेगळे.

पायरी ३: मालाची कुंडली एका कागदावर लिहा

कुठल्याही लॅबला फोन करायच्या आधी हा कागद पाहिजे. माल थेट २३० व्होल्टवर चालतो का अडॅप्टरवर का बॅटरीवर, बॅटरी लिथियमची आहे का, रेडिओ आहे का आणि कुठल्या फ्रीक्वेन्सीचा, घरात वापरणार का कारखान्यात का शेतात, वापरणारा सामान्य माणूस का वायरमन, आणि कुठल्या देशात विकायचा.

हे सोपं वाटतंय पण सगळा खर्च यावरच ठरतो. समजा तुमचा बागेतला सेन्सर आहे, ३.६ व्होल्टची बॅटरी आणि लोरा रेडिओ. भारतात तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, युरोपात पण ८६८ च्या आसपास, पण तिथं बऱ्याच पट्ट्यांत तासातला एक टक्का वेळच बोलायचं असली अट असते, आणि अमेरिकेत ९०२ ते ९२८ चा पट्टा, ऑस्ट्रेलियात ९१५ ते ९२८. म्हणजे अँटेना आणि मॅचिंग बदललं, फर्मवेअर बदललं, तो दुसराच माल झाला आणि टेस्ट पण दुसरी. हे आधी माहिती असलं तर बोर्डवर दोन्हीची जागा ठेवता येते, नंतर कळलं तर नवीन बोर्ड.

पायरी ४: आधी आपलं घर, म्हणजे बीआयएस

बरेचजण डायरेक्ट युरोपचं स्वप्न बघतात आणि इथल्या बाजारात मात्र बिनशिक्क्याचा माल विकत असतात. २०१६ च्या बीआयएस कायद्यात सक्तीच्या यादीतला माल नोंदणीशिवाय बनवला-विकला तर पहिल्या वेळीच दंड दोन लाखाच्या खाली नाही असं लिहिलंय, तुरुंगाची पण तरतूद ठेवलीय.

यात दोन रस्ते. एक आपला जुना ओळखीचा आयएसआय मार्क, वायर, प्लग, इस्त्री असल्या मालाला, त्यात बीआयएसचा माणूस फॅक्टरीत येतो, तुमच्याकडं टेस्टिंगची मशिनरी आहे का बघतो, नमुना घेतो, मग लायसन्स मिळतं आणि शिक्क्याखाली सीएम/एल नंबर येतो. दुसरा रस्ता सीआरएस, म्हणजे कंपल्सरी रजिस्ट्रेशन, २०१२ च्या आदेशानं सुरू झालेला, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटीच्या मालासाठी. अडॅप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे, ड्रायव्हर, युपीएस, लिथियम सेल असलं बरंच त्यात आहे आणि यादी वाढतच असते, त्यामुळं तुमचा माल यादीत आहे का ते बीआयएसच्या साईटवर स्वतः बघा, मित्रानं सांगितलं म्हणून धरून चालू नका.

सीआरएसची रीत अशी: बीआयएसनं मान्यता दिलेल्या लॅबमध्ये नमुना द्यायचा, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. रिपोर्ट आला की ९० दिवसांच्या आत ऑनलाईन अर्ज करायचा, हे लक्षात ठेवा कारण रिपोर्ट आणून टेबलावर ठेवला आणि दिवाळी झाली, की परत टेस्ट. नोंदणी त्या फॅक्टरीच्या पत्त्याला असते, म्हणजे कुपवाडच्या गाळ्याची नोंदणी घेऊन शिरवळला माल बनवला तर ते चालणार नाही. सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये सवलती आहेत, उद्यम नोंदणीचा कागद जवळ ठेवा. बीआयएसचं शाखा कार्यालय पुण्यात आहे, एकदा जाऊन बोलून आलेलं बरं.

रेडिओ असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस खात्याची, ईटीए नावाची मंजुरी वेगळी, ती सरल संचार पोर्टलवर. वाय-फाय, ब्लूटूथ असल्या मोकळ्या पट्ट्यातल्या बऱ्याच मालाला ती सेल्फ डिक्लरेशनवर मिळते, पण रेडिओचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. सिमकार्ड जात असेल तर टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटरची एमटीसीटीई म्हणून जी सक्तीची टेस्टिंग आहे तिची यादी बघा. आणि ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, उत्पादक म्हणून त्यात नोंदणी लागते का ते पण एकदा बघून घ्या, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

पायरी ५: युरोप, म्हणजे सीई

आता मेन गोष्ट. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मालासाठी सीई कुठलंही ऑफिस देत नाही. तो बनवणाऱ्यानं स्वतः लावायचा असतो, स्वतःच्या जबाबदारीवर. तुम्ही टेस्ट करून घ्यायची, फाईल तयार करायची, डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी लिहायचं, त्यावर तुमची सही, आणि मग शिक्का. म्हणून तो कन्सल्टंट जेव्हा गोल्डन बॉर्डरचं सीई सर्टिफिकेट देतो तेव्हा त्याला विचारा, साहेब, यामागं टेस्ट रिपोर्ट कुठल्या लॅबचा, कुठल्या स्टँडर्डचा, आणि माझ्या बोर्डचा फोटो त्यात आहे का. आमच्या ओळखीच्या एकाला जर्मनीच्या गिऱ्हाईकानं हेच विचारलं, सर्टिफिकेट छान आहे, रिपोर्ट पाठवा म्हणाला. रिपोर्ट नव्हताच, ऑर्डर गेली.

कायदे कुठले लागतात ते कुंडलीवरनं ठरतं. लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह एसी ५० ते १००० आणि डीसी ७५ ते १५०० व्होल्टच्या मालाला. ईएमसी डायरेक्टिव्ह गोंगाटासाठी. रॉस हे घातक पदार्थांसाठी. आणि मालात रेडिओ आला की लो व्होल्टेज आणि ईएमसी या दोन्हीच्या जागी एकटा रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्ह येतो, त्यात सेफ्टी, ईएमसी, रेडिओ सगळं, आणि सेफ्टीला व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही. म्हणजे आपला ३.६ व्होल्टचा सेन्सर, रेडिओ नसता तर लो व्होल्टेजमधनं सुटला असता, रेडिओमुळं सेफ्टीत परत अडकला. शिवाय इंटरनेटला जोडणाऱ्या रेडिओ मालाला १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षेची अट लागू झालीय, त्यामुळं सगळ्या डिव्हाईसला ॲडमिन आणि १२३४ असला एकच पासवर्ड ठेवायची सवय तेवढी सोडा.

रॉसबद्दल जरा थांबतो कारण आपल्याकडं गाळ्यागाळ्यात ६३-३७ ची सोल्डर तार वापरतात, त्यात ३७ टक्के शिसं. रॉसची मर्यादा ०.१ टक्का. कॅडमियमची तर ०.०१. म्हणजे बाकी सगळे पार्ट कितीही चांगले घ्या, सोल्डरलाच गाडी अडली. लेड-फ्री तार साधारण २१७ डिग्रीला वितळते, जुनी १८३ ला, त्यामुळं सोल्डरिंगची पद्धत, टिप, टेंपरेचर सगळं बदलावं लागतं, आणि एकाच बिटनं दोन्ही तारा वापरल्या की परत शिसं आलंच. युरोपचा माल असेल तर त्याचं टेबलच वेगळं करा. शिसं, कॅडमियमची मर्यादा आपल्या ई-कचऱ्याच्या नियमात पण आहे बरं का, नुसतं युरोपचं खूळ नाही ते.

अजून एक, जुलै २०२१ पासून असल्या मालासाठी युरोपात कोणीतरी जबाबदार माणूस किंवा कंपनी लागते, त्यांचं नाव-पत्ता मालावर नाहीतर खोक्यावर. तुमचा इम्पोर्टर ते होऊ शकतो, पण ते आधी लिहून घ्या. टेक्निकल फाईल माल बाजारात आणल्यापासून १० वर्षं सांभाळायची.

ब्रिटननं बाहेर पडल्यावर यूकेसीए नावाचा स्वतःचा शिक्का काढला, पण मुदती पुढं ढकलत ढकलत शेवटी असल्या बऱ्याच मालाला सीई पण चालेल असं ठरवलं. प्लग मात्र त्यांचा वेगळा.

पायरी ६: अमेरिका, इथं दोन वेगळी दारं

एफसीसी आणि यूएल यांना एकत्र बांधू नका, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

एफसीसी सरकारी आहे आणि फक्त रेडिओ-गोंगाटाचं बघतं, शॉक-आगीचं नाही. साध्या डिजिटल मालाला, म्हणजे रेडिओ नसलेल्या, सप्लायर्स डिक्लरेशन पुरतं, पण त्यासाठी अमेरिकेत पत्ता असलेला जबाबदार माणूस लागतो. एफसीसीचा लोगो आता ऐच्छिक आहे, त्यामुळं लोगो आहे म्हणून पास आणि नाही म्हणून नापास असं नसतं. रेडिओवाल्या मालाला मात्र पूर्ण सर्टिफिकेशन आणि एफसीसी आयडी. हा आयडी एफसीसीच्या साईटवर टाकला की टेस्ट रिपोर्ट आणि बऱ्याचदा आतल्या बोर्डचे फोटोसुद्धा बघायला मिळतात. नवख्या डिझाईनवाल्यानं दुसऱ्यांचा माल कसा बनवलाय ते शिकायला यासारखी जागा नाही. भारतातल्या लॅबमध्ये टेस्ट करणार असाल तर ती लॅब एफसीसीच्या यादीत आहे का ते आधी बघा, नाहीतर रिपोर्ट सर्टिफिकेशनला चालणार नाही.

यूएल ही सरकारी संस्था नाही. १८९४ साली शिकागोत विमा कंपन्यांच्या आगीच्या काळजीतनं सुरू झाली. घरगुती मालाला यूएल पाहिजेच असा सरसकट केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही, पण मोठे दुकानदार, विमावाले, स्थानिक इन्स्पेक्टर मागतात, आणि कामाच्या ठिकाणच्या बऱ्याच विजेच्या मालाला ओशा नावाचं सरकारी खातं मान्यताप्राप्त लॅबची खूण मागतं. त्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये यूएल एकटी नाही, इंटरटेकची ईटीएल, कॅनडाची सीएसए, ट्यूव्ह पण आहेत आणि सगळ्यांची खूण सारखीच चालते. म्हणून गिऱ्हाईक यूएल म्हणालं तरी विचारा, ईटीएल चालेल का. खूपदा चालतं, आणि कोटेशन दोन्हीकडनं घेतलं की फरक कळतो.

यूएलमध्ये पण दोन, एक गोलातलं यूएल लिस्टेड म्हणजे पूर्ण माल, आणि दुसरं उलटं आर आणि यू चिकटलेलं, रेकग्नाईज्ड, ते फक्त आतल्या पार्टसाठी. आतल्या पॉवर सप्लायला ते उलटं आर असलं म्हणजे तुमचा डबा पण यूएल झाला असं नाही. आणि एकदा खूण मिळाली की विषय संपत नाही, त्यांचा इन्स्पेक्टर न सांगता फॅक्टरीत येतो, साधारण वर्षातनं चार वेळा, आणि यादीत लिहिलेलेच पार्ट वापरताय का बघतो. गाळ्याला कुलूप लावून गावच्या जत्रेला गेला असाल तर पंचाईत.

पायरी ७: बाकीचे देश, भराभर

कॅनडा: गोंगाटाला आयसीईएस-००३ ची ओळ लेबलवर, सेफ्टीला सीएसए किंवा डाव्या बाजूला बारीक सी असलेली यूएल-ईटीएल. जपान: अडॅप्टरसारख्या जोखमीच्या मालाला चौकटीतलं पीएसई, बाहेरच्या संस्थेकडनं तपासून, कमी जोखमीच्या मालाला गोलातलं. व्होल्टेज तिथं १००, आणि पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०. चीन: यादीतल्या मालाला तीन सी, फॅक्टरी तपासणीसकट, नवख्यानं इकडं पहिल्यांदा जाऊच नये. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड: आरसीएम, जुने सी-टिक आणि ए-टिक मार्च २०१६ पासून बंद, आणि तिथला इम्पोर्टर जबाबदार. सौदी: सेबर पोर्टलवर नोंदणी. दक्षिण आफ्रिका: द्राक्षाचा देश म्हणून आपल्या सेन्सरवाल्यांना बरा, तिथं सेफ्टीला एनआरसीएसचं पत्र आणि रेडिओला इकासाची मान्यता.

एवढे देश बघून घाबरू नका, सीबी स्कीम नावाची सोय आहे. एका मान्य लॅबमध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणं टेस्ट करून सीबी सर्टिफिकेट घेतलं की ५० पेक्षा जास्त देशांतल्या संस्था तो रिपोर्ट धरून पुढचं काम करतात, सगळ्या टेस्ट परत नाहीत. तीन-चार देशांत जायचं नक्की असेल तर हेच करा. एकाच देशात जायचं असेल तर उगाच नको.

पायरी ८: तयार सर्टिफाईड भाग घ्या

माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात फायद्याची पायरी हीच. मेन्सचा पॉवर सप्लाय स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका, ज्या अडॅप्टरला त्या त्या देशाचे शिक्के आधीच आहेत असा घ्या, मग तुमच्या डब्यात फक्त १२ व्होल्ट येतात आणि सेफ्टीचा निम्मा विषय बाहेरच राहतो. तसंच रेडिओचं, उघडी चिप लावण्यापेक्षा सर्टिफाईड मॉड्यूल लावा. अमेरिकेत मग डब्यावर आत अमुक एफसीसी आयडीचं मॉड्यूल आहे असं लिहून रेडिओची मुख्य टेस्ट वाचते. पण अट आहे, अँटेना त्याच जातीची आणि तेवढ्याच किंवा कमी गेनची, मॉड्यूलवाल्यानं सांगितल्याप्रमाणं लावलेली. आणि बाकीच्या बोर्डचा गोंगाट तुम्हाला मोजावाच लागतो.

एक सांगून ठेवतो, सगळे सीईवाले भाग एकत्र केले म्हणून डबा आपोआप सीई होत नाही. लोकांना हे पटत नाही, पण गोंगाट जोडणीतनं होतो, दोन शांत भागांच्या मधली मीटरभर वायर सगळा घोळ करते.

लिथियम बॅटरी असेल तर विमानानं पाठवायला यूएन ३८.३ चा रिपोर्ट लागतो, तो सेलवाल्याकडनं खरेदीच्या वेळीच मागून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

पायरी ९: लॅबला जाताना

आपल्याला जवळचं म्हणजे पुणे, तिथं खासगी लॅब बऱ्याच आहेत, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला कोथरूडची एआरएआय. नवी मुंबईत खारघरला समीर नावाची सरकारी लॅब, ईएमसीचं, म्हणजे गोंगाट-इम्युनिटीचं काम जुनं आणि चांगलं. अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल. लॅबला मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट बघताना नुसता लोगो बघू नका, त्याच्या स्कोपमध्ये तुम्हाला पाहिजे तो स्टँडर्ड नंबर आहे का बघा, बऱ्याचदा नसतो.

पूर्ण टेस्टच्या आधी अर्ध्या दिवसाची प्री-कम्प्लायन्स, म्हणजे गोंगाटाची रंगीत तालीम, करून घ्या. चेंबरमध्ये भिंतींना फोमचे सुळके असतात, माल फिरत्या टेबलावर, अँटेना ३ नाहीतर १० मीटरवर आणि ती वर-खाली होते, पडद्यावर आलेख येतो आणि मर्यादेची लाल रेघ. आलेख रेघेच्या वर गेला की कुठल्या फ्रीक्वेन्सीला गेला ते लिहून घ्या, बहुतेक वेळा तो तुमच्या क्रिस्टलच्या (चिपला ठेका देणाऱ्या पार्टच्या) फ्रीक्वेन्सीच्या पटीत निघतो, म्हणजे गुन्हेगार सापडला.

सोबत काय न्यायचं: निदान दोन-तीन नमुने, सगळ्या खऱ्या लांबीच्या वायरी, खरा लोड, माल सारखा पूर्ण ताकदीनं चालत राहील असं टेस्टचं फर्मवेअर, सोल्डरिंग गन, क्लिपवाले फेराईट (वायरीवर बसवायचे गोंगाट दाबणारे मणी), वेगवेगळे कपॅसिटर, कॉपर टेप. आणि डिझाईन करणारा माणूस, ड्रायव्हरच्या हातनं डबा पाठवून देऊ नका. चेंबरचं भाडं तासावर असतं, तिथं फेराईट लावून बघितला आणि पास झाला तर ठीक, नाहीतर परत येऊन बोर्ड बदलून परत हायवे धरा. चार वायरींना चार फेराईट लावून पास झालात तर विकायच्या मालात पण चारही लागणार, रिपोर्टच्या फोटोत ते दिसतात.

बोर्ड करताना एवढं केलं तरी निम्मं काम होतं: खालचा थर पूर्ण ग्राऊंड ठेवा, त्याला कापून मध्येच ट्रॅक घालू नका, क्रिस्टल चिपला चिकटून आणि कनेक्टरपासनं लांब, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरीच्या तोंडाशी फिल्टरची जागा सोडा, पार्ट नंतर लावायचा का नाही ते लॅबमध्ये ठरवा.

पायरी १०: लेबल, फाईल आणि पार्ट बदलायची खोड

लेबल पुसलं न जाणारं पाहिजे. सेफ्टीच्या टेस्टमध्ये पाण्यानं आणि पेट्रोलियम स्पिरीटनं खरंच घासून बघतात, इंकजेटचं स्टिकर तिथं उतरतं. त्यावर मॉडेल, व्होल्टेज, करंट, बनवणाऱ्याचा पत्ता. ज्या देशाचं काम झालंय त्याचाच शिक्का टाका, पुढच्या वर्षी करणारच आहोत म्हणून आत्ताच छापून ठेवला असं नको.

फाईलमध्ये सर्किट, बोर्डचं लेआऊट, पार्टची यादी कंपनीच्या नावासकट, रिपोर्ट, डिक्लरेशन, मॅन्युअल, लेबलचा फोटो. आणि इथनं पुढं खरी परीक्षा खरेदीवाल्याची. रिपोर्ट झालेला वाय कपॅसिटर मिळाला नाही म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं तसाच दिसणारा निळा गोळा आणला, तर मेन्स आणि माणूस यांच्यामध्ये जो पार्ट उभा आहे तोच बदलला, आणि रिपोर्ट त्या मालाचा राहिला नाही. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, ऑप्टो, वाय आणि एक्स कपॅसिटर, प्लास्टिकचा डबा, रेडिओ मॉड्यूल, यांना यादीत लाल रंग द्या आणि लॅबला विचारल्याशिवाय हे बदलायचे नाहीत असं स्टोअरमध्ये लिहून लावा. साधा रेझिस्टर बदलला तर वहीत तारीख आणि सिरीयल नंबर लिहिला की झालं. टेस्ट झालेला एक नमुना पिशवीत घालून, सील करून, त्यावर रिपोर्ट नंबर टाकून कपाटात ठेवा, उद्या गिऱ्हाईकानं किंवा इन्स्पेक्टरनं विचारलं तर तोच काढून दाखवायचा असतो.